फोटोखाली महिना लिहा: थंड हवेची ठिकाणं विकणाऱ्या मुंबईकरांना खुलं पत्र

प्रति,
मुंबईतल्या पर्यटन संस्थांचे मालक आणि व्यवस्थापक, त्यांच्या जाहिराती करणाऱ्या एजन्सी, आणि डोंगरातल्या जागांचे व्हिडिओ करून घराघरांत पोहोचवणारे सर्व जण,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात परळच्या एका हॉलमध्ये आपल्यापैकी साठ-सत्तर जण जमले होते. पुढच्या हंगामाची माहितीपत्रकं, दर, नवी ठिकाणं असे नेहमीचे विषय होते. शेवटी 'आयत्या वेळचे विषय' आले तेव्हा मी उभी राहिले आणि एकच सूचना मांडली: डोंगरातल्या ठिकाणाचा फोटो छापताना तो कोणत्या महिन्यात काढला आहे, ते खाली लिहावं. चर्चा दोन मिनिटं झाली. एका जुन्या सहकाऱ्यांनी समजावणीच्या सुरात सांगितलं, "ताई, आपण खरं लिहिलं तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल." बाकीच्यांनी माना हलवल्या, चहा आला आणि विषय संपला.

माझ्यापुरता तो संपला नाही. म्हणून हे पत्र. तुम्हाला लिहिते आहे, पण ज्यांच्या पैशांवर आपली दुकानं चालतात त्या प्रवाशांनीही ते वाचावं अशी इच्छा आहे.

मी कोण, ते आधी सांगते. दादरला एका टूर कंपनीच्या काउंटरवर मी बावीस वर्षं बसले. शिमला-मनालीपासून माथेरान-महाबळेश्वरपर्यंत हजारो कुटुंबांची बुकिंगं या हातांनी केली. आणि माझं आजोळ नेरळचं. आजोबा डोक्यावरून आणि मामा घोड्यावरून माथेरानला भाजी-किराणा पोचवायचे. शाळेला सुट्टी लागली की मीही मामाच्या मागून चढून जायची. माथेरान म्हणजे माथ्यावरचं रान, हे मला कुठल्या पुस्तकाने नाही, आजोबांनी सांगितलं. पर्यटक आले नसते तर आजोळची चूल पेटली नसती, हे मला पक्कं माहीत आहे. तेव्हा लोकांनी डोंगरात जाऊ नये, असं म्हणणाऱ्यांतली मी नाही.

काउंटरवर बसलं की समोरच्याच्या डोक्यातला डोंगर दिसतो. एखादा गृहस्थ 'महाबळेश्वर' म्हणाला की त्याच्या मनात नेमकं काय आहे, ते मला पुढच्या तीन प्रश्नांत कळायचं. पहिला प्रश्न, "किती पॉइंट होतात?" दुसरा, "रूममधून व्ह्यू आहे ना?" तिसऱ्याचं मला सुरुवातीला नवल वाटायचं, पुढे वाटेनासं झालं. "एसी आहे ना?" थंड हवेच्या शोधात निघालेला माणूस एसी विचारतो, कारण डिसेंबरात तिथं स्वेटर लागतो आणि मेच्या दुपारी तिथंही ऊन चटकतं, हे आपण त्याला कधी सांगितलेलंच नसतं. त्याच्यासाठी तिथं बारा महिने एकच ऋतू असतो, आपल्या फोटोतला.

गिरगावातले एक आजोबा यायचे. त्यांच्या मनातलं माथेरान म्हणजे लग्नानंतरचे चार दिवस, लाल माती, गाडीची शिट्टी आणि रात्रीचा काळोख. भांडुपची पंचविशीतली मुलं मोबाइल पुढे करायची, "हेच पाहिजे." स्क्रीनवर खाली ढगांचा समुद्र आणि वर कड्यावर उभी एक मुलगी. तो ढगांचा समुद्र मोजक्या पहाटेलाच दिसतो, त्याला हवा, वारा आणि नशीब सगळं जुळावं लागतं, हे मी सांगायची. मुलं ऐकून घ्यायची आणि विचारायची, "पण आपल्याला दिसेल ना?"

पर्यटनाच्या डिप्लोमाला आम्हाला एक गोष्ट शिकवली होती. क्लेअर गन नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९७२ मध्ये मांडलं की एखाद्या ठिकाणाची प्रतिमा माणसाच्या मनात दोन वाटांनी येते. एक आपसूक बनते, शाळेच्या पुस्तकातून, बातम्यांतून, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या बोलण्यातून. दुसरी मुद्दाम बनवलेली असते, म्हणजे आपली. तेव्हा मी हे परीक्षेपुरतं पाठ केलं. आता बघते तर पहिली वाट जवळजवळ बुजली आहे. शेजारीण स्वतः जाऊन आली तरी ती सांगत काही नाही, फोनमधले फोटो दाखवते, आणि ते फोटो आपल्या माहितीपत्रकातल्या फोटोसारखे यावेत म्हणून त्याच कठड्याला टेकून काढलेले असतात. सगळं चित्र आता आपल्या हातात आहे. म्हणून तक्रारीही तुमच्यापाशीच करते.

पहिली तक्रार फोटोची. महाबळेश्वरजवळचा लिंगमळ्याचा धबधबा सप्टेंबरात दुथडी कोसळतो. तोच फोटो आपण मेच्या पॅकेजवर छापतो. चेंबूरचं एक कुटुंब मेमध्ये जाऊन आलं आणि तिथल्या कोरड्या कातळाचा फोटो त्यांनी मला पाठवला, खाली एकही शब्द न लिहिता. कासचं पठार तर आणखी वाईट. तिथला फुलांचा बहर ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, काही आठवड्यांचा. आपण तो जांभळा गालिचा नाताळच्या सहलीच्या पानावर लावतो. डिसेंबरात पठारावर पिवळं वाळलेलं गवत असतं. मला ते फार आवडतं, पण नाताळला गेलेला माणूस फुलं शोधत फिरतो आणि परत येऊन म्हणतो, "कास बिघडलं हो आता." कास बिघडलेलं नसतं. आपण त्याला चुकीच्या महिन्यात पाठवलेलं असतं. स्ट्रॉबेरीचंही तेच. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पीक हिवाळ्याचं, मार्च-एप्रिलपर्यंत चालतं. ऑगस्टात 'स्ट्रॉबेरी फार्म व्हिजिट' लिहिणाऱ्यांनी एकदा ऑगस्टात त्या शेतात उभं राहून बघावं.

दुसरी तक्रार पाण्याची. इथं मला जरा थांबावं लागेल, कारण हे लोकांना सर्वांत कमी माहीत आहे आणि मला सर्वांत जास्त लागलेलं आहे.

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, मुंबईच्या दुपटीहून जास्त. मग उन्हाळ्यात पाणी कमी का पडतं? कारण त्या पठाराच्या डोक्यावर जांभ्या दगडाची टोपी आहे. माथेरानलाही तशीच. जांभा सच्छिद्र. पाऊस त्यातून झिरपतो, खालच्या काळ्या कातळावर अडतो आणि कड्यांच्या अंगाने झऱ्यांमधून बाहेर पडून खाली निघून जातो. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री या पाच नद्यांचं उगमस्थान म्हणून क्षेत्र महाबळेश्वरचं पंचगंगेचं देऊळ आपण दाखवतो. म्हणजेच डोंगराचं पाणी डोंगराजवळ थांबत नाही, सगळीकडे वाटलं जातं. वर राहणाऱ्यांना ते साठवूनच ठेवावं लागतं. वेण्णा तलाव १८४२ मध्ये साताऱ्याच्या महाराजांनी बांधून घेतला तो पाण्यासाठी. माथेरानचा शार्लोट तलावही पिण्याच्या पाण्याचा. आपल्या माहितीपत्रकात मात्र एक 'बोटिंग पॉइंट' आणि दुसरा 'पिकनिक स्पॉट'. गाव ज्यातून पाणी पितं त्या तलावाच्या काठावर माणूस वेफर्सचं रिकामं पाकीट टाकतो तेव्हा चूक त्याची असते, हे खरं. पण हा गावाच्या पिण्याचा तलाव आहे, हे त्याला कोणी सांगितलं होतं का?

आता मला एक कबुली द्यायची आहे. २०१८ च्या मे महिन्याच्या अखेरीस शिमल्यात नळाला पाणी नव्हतं. लोक टँकरपुढे रात्र-रात्र रांगा लावत होते आणि तिथले रहिवासीच समाजमाध्यमांवर सांगत होते की कृपा करून इकडे येऊ नका. त्या आठवड्यात आमच्या दादरच्या काउंटरवरून शिमल्याला जाणारी अकरा कुटुंबं होती. मी साहेबांना विचारलं, त्यांना फोन करून कल्पना देऊ का? उत्तर मिळालं, "आपण हॉटेल विकतो, नळ नाही." मी फोन केला नाही. नोकरी होती, मुलीची फी भरायची होती, ही कारणं तेव्हा मला पुरेशी वाटली. जूनमध्ये मुलुंडच्या एक निवृत्त शिक्षिका परत आल्या. पैसे मागायला आल्या नव्हत्या. काउंटरसमोरच्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "आम्हाला हॉटेलात बादली-बादली पाणी मिळालं गं. खाली रस्त्यावर बायका हंडे घेऊन उभ्या होत्या, आमच्या खिडकीकडे बघत. तुला माहीत होतं का?" मी मान खाली घातली. त्या उठून गेल्या आणि पुन्हा आमच्याकडे कधी आल्या नाहीत.

हे शिमल्यापुरतं नाही. शहापूर तालुक्यातल्या धरणांचं पाणी मुंबई पिते आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर लागतो, हे आपण वर्तमानपत्रात दरवर्षी वाचतो. त्याच मे महिन्यात डोंगरकुशीतल्या रिसॉर्टच्या जाहिरातीत 'रेन डान्स' असतो. पाऊस नसलेल्या महिन्यात पाइपातून पाऊस पाडायचा, तोही टँकरच्या रस्त्यालगत. आपण तो 'अमर्याद' या शब्दासह विकतो. निदान तो शब्द तरी काढा.

तिसरी तक्रार पावसाची, आणि ती जिवाशी आहे.

पूर्वी पावसाळ्यात महाबळेश्वर बंद असायचं. घरांना गवताच्या झड्या बांधून माणसं आत बसायची नाहीतर खाली उतरायची. आता 'मान्सून स्पेशल' हा आपला दुसरा हंगाम झाला आहे. माझा त्याला सरसकट विरोध नाही. भिजलेला सह्याद्री ज्याने पाहिला नाही त्याने काय पाहिलं, असं मलाही वाटतं. पण आपण विकतो ते धुकं, भजी आणि धबधब्याखाली उभं राहणं. त्याच महाबळेश्वरला जुलै २०२१ मध्ये चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला, हे आपण सांगत नाही. त्याच दिवसांत महाड तालुक्यातल्या तळीये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसं गेली. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, त्यात लहान मुलं होती. पाणी एकाएकी वाढलं. वर डोंगरात जोराची सर आली की खाली काही मिनिटांत लोंढा येतो, हे तिथल्या कुठल्याही गुराख्याला ठाऊक असतं. मुंबईहून सकाळी निघून दुपारी पोचलेल्या माणसाला कसं ठाऊक असणार? त्याच्या मनात पाणी म्हणजे जाहिरातीतली हसणारी, भिजणारी माणसं.

जिल्हा प्रशासन दर पावसाळ्यात धबधब्यांवर, धरणांवर बंदीचे आदेश काढतं. ते आदेश आपल्या ईमेलवर येतात, आपण ते बस चालवणाऱ्याला पाठवतो. ज्याने पैसे भरले त्याला आपण काही कळवत नाही, कारण तो रद्द करेल आणि परतावा मागेल.

चौथी तक्रार नावांची. आपल्या माहितीपत्रकांत जव्हार म्हणजे 'मिनी महाबळेश्वर', आंबोली म्हणजे 'महाराष्ट्राची चेरापुंजी', चिखलदरा म्हणजे 'विदर्भाचं काश्मीर', आणि हिरवळ दिसली की कुठलंही गाव 'स्वित्झर्लंड'. हे निरुपद्रवी वाटतं, पण काउंटरवर मी त्याचा परिणाम पाहिला आहे. 'मिनी महाबळेश्वर' ऐकून गेलेला माणूस जव्हारला जाऊन पॉइंट मोजतो, ते कमी भरतात, आणि परत येऊन सांगतो की काही खास नाही. त्याने राजवाडा बघितलेला असतो, दाभोसा धबधबा बघितलेला असतो. पण ज्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेली वारली चित्रं आहेत, ती भिंत एका राहत्या घराची आहे हे त्याच्या लक्षातच येत नाही. ज्या जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत १९९२-९३ मध्ये कुपोषणाने मुलं दगावली आणि सारं राज्य हादरलं, त्या तालुक्याला आपण दुसऱ्या गावाच्या नावाची छोटी आवृत्ती करून टाकलं. चिखलदऱ्यात कॉफी पिकते, मेळघाटातली कोरकू माणसं तिथं राहतात. आंबोलीच्या हिरण्यकेशीच्या उगमाशी एक इवलासा मासा सापडला, तो शास्त्राला नवा होता, आणि त्या जागेला २०२१ मध्ये जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. एवढं स्वतःचं असताना उसनं नाव कशाला?

खुद्द महाबळेश्वरचीही गत वेगळी नाही. इंग्रज साहेबांनी आपल्या माणसांची नावं कड्यांना दिली, लॉडविक, बॅबिंग्टन, विल्सन. विल्सन पॉइंटच्या टेकडीला सिंदोला म्हणतात, हे बावीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाला मी सांगितलं नाही, कारण मलाच ते नोकरीच्या अखेरीस कळलं. आपण पॉइंटची यादी विकतो, माणूस यादीवर खुणा करत दिवस घालवतो आणि संध्याकाळी विचारतो, "झाले का सगळे?" महाबळेश्वरजवळचं मांघर हे देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून २०२२ मध्ये जाहीर झालं. भिलार २०१७ पासून पुस्तकांचं गाव आहे. तिथं दोन तास बसणं कुठल्याच यादीत बसत नाही, म्हणून आपल्या बस तिथं वीस मिनिटं थांबतात.

पाचवी तक्रार माणसांची आहे.

माथेरानला मोटारींना बंदी आहे. २००३ मध्ये तो परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला. मोटारी जिथं थांबतात त्या दस्तुरी नाक्याच्या पुढे बराच काळ घोडा, पायपीट, छोटी आगगाडी आणि माणसांनी ओढायच्या रिक्षा हेच पर्याय होते. या हातरिक्षांचा फोटो आपण वर्षानुवर्षं 'जुन्या काळची सफर' म्हणून छापला. चढावर दोन माणसं मागून ढकलतात, एक पुढून ओढतो, पावसाळ्यात लाल चिखलात पाय घसरतात. माझ्या मामाचा एक मित्र रिक्षा ओढायचा. चाळिशीतच त्याचे गुडघे गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा अमानुष ठरवून सहा महिन्यांत बंद करायला सांगितली आणि ई-रिक्षांच्या मार्गाने या माणसांचं पुनर्वसन करायला सांगितलं. आपल्यापैकी कोणाच्या माहितीपत्रकातून तो फोटो त्याआधी स्वतःहून गेला होता? मला एकही आठवत नाही. आणि आता, त्या रिक्षावाल्यांना ई-रिक्षा मिळाल्या की नाही, हे विचारणारा तरी आपल्यात कोणी आहे का?

मार्च २०२५ मध्ये माथेरानकरांनी गाव बंद ठेवलं. कारण प्रवेशद्वारापाशीच पर्यटकांना खोटी माहिती देऊन लुबाडलं जात होतं आणि गावाचं नाव खराब होत होतं. पाच हजारांच्या आत वस्तीचं गाव, पर्यटनाशिवाय दुसरा धंदा नाही, तरी त्यांनी स्वतःचा गल्ला बंद ठेवला, तेही आपल्या नावासाठी. त्या दिवशी मला वाटलं, मुंबईतून एक तरी पत्र त्यांना जावं. फसवणूक नाक्यावर होते हे खरं. पण पुढे किती चालावं लागतं, घोड्याचा दर काय, गाडी कुठून कुठवर जाते, हे आपण इथंच छापून दिलं असतं तर नाक्यावर फसायला माणूस उरला असता का?

आणि इर्शाळवाडी. माथेरानच्या पश्चिमेच्या कड्यांवरून प्रबळगड दिसतो, त्याच रांगेत इर्शाळगड. कॉलेजात असताना आम्ही इर्शाळगडावर गेलो होतो. पायथ्याच्या ठाकरवाडीत, म्हणजे याच इर्शाळवाडीत, एका बाईने तांदळाची भाकरी आणि लसणाची चटणी वाढली. पैसे किती घेतले ते आठवत नाही, ती चटणी आठवते. १९ जुलै २०२३ च्या रात्री ती वाडी दरडीखाली गेली. सत्तावीस मृतदेह मिळाले, सत्तावन्न माणसं बेपत्ता राहिली आणि शोध थांबवावा लागला. वाडीला रस्ता नव्हता, मदतीची माणसंही डोंगर चढून गेली. त्यानंतरच्या पावसाळ्यात माझ्या मोबाइलवर एका ट्रेकची जाहिरात आली. इर्शाळगडाचा सुळका, हिरवागार उतार, आणि खाली मजकूर, 'पायथ्याच्या गावात घरगुती जेवण'. कोणी तरी जुनाच मजकूर पुन्हा लावला होता. मला तो फोन हातात धरवेना.

हे सगळं वाचून तुम्ही म्हणाल, बाई, उपाय सांग. परळच्या बैठकीत एकच सूचना होती. ती दोन मिनिटांत संपली, म्हणून आता सगळ्याच लिहिते.

डोंगराळ ठिकाणाच्या प्रत्येक फोटोखाली महिना आणि वर्ष छापा. व्हिडिओवरही. याला एक पैसा खर्च येत नाही.

प्रत्येक ठिकाणाच्या पानावर पाण्याबद्दल चार ओळी असू द्या: गावाचं पाणी कुठून येतं, कोणत्या महिन्यांत टंचाई असते, हॉटेल पाणी कुठून घेतं. एप्रिल-मेमध्ये रेन डान्स आणि टबाची जाहिरात बंद करा. एखाद्या ठिकाणी पाण्याचं संकट असेल तर बुकिंग केलेल्या प्रत्येकाला आपण स्वतः फोन करायचा, आणि तारीख बदलायची असेल तर दंड न घेता बदलून द्यायची.

जून ते सप्टेंबरच्या सहलींसाठी प्रशासनाचे त्या-त्या वेळचे आदेश पावतीसोबत द्या, मराठीत, मोठ्या अक्षरात. धबधब्याखाली उभ्या माणसांचे फोटो पावसाळी जाहिरातीतून काढून टाका. अतिवृष्टीचा लाल इशारा असेल त्या दिवशी बस घाटात न्यायची नाही आणि पैसे परत करायचे.

'मिनी', 'चेरापुंजी', 'काश्मीर', 'स्वित्झर्लंड' हे शब्द काढा. गावाचं नाव गावाचंच ठेवा आणि तिथं कोण राहतं, काय पिकवतं, कोणती भाषा बोलतं, हे पॉइंटच्या यादीच्या आधी लिहा.

माथेरानबद्दल एक वेगळी विनंती. नेरळहून वर जायचे सगळे पर्याय, अंतर आणि नगरपरिषदेने ठरवलेले दर एका पानावर छापून प्रत्येक प्रवाशाच्या हातात द्या. १९०७ पासूनची ती छोटी गाडी २०१९ च्या पावसाने रूळ वाहून गेल्यावर तीन वर्षं पूर्ण मार्गावर धावली नव्हती, आणि पावसाळ्यात तर नेरळकडून ती एरवीही बंदच असते. तरी जुलैच्या पॅकेजवर तिचा फोटो असतो. मुलं गाडीसाठी हट्ट धरून येतात आणि नेरळला रडतात. मी पाहिलं आहे.

व्हिडिओ करणाऱ्या मुलामुलींना माझं सांगणं थोडं निराळं आहे. तुमच्यातले बरेच जण माझ्या मुलीच्या वयाचे आहात आणि तुमचा डोंगराचा लळा खोटा नाही, हे मला दिसतं. पण जिथं जायला पायवाट एकच आणि वस्ती वीस घरांची, त्या जागेचा नेमका पत्ता टाकण्याआधी त्या वीस घरांना विचारा. शनिवारी दोनशे दुचाकी आल्या तर त्यांचं पाणी, त्यांची शेतं, त्यांची रात्रीची झोप यांचं काय होईल, हे तेच सांगू शकतील. आणि तुम्ही कड्याच्या टोकावर उभे राहता तेव्हा मागे दोर धरून कोणी उभं असेल तर तोही व्हिडिओत दिसू द्या.

गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल, या भीतीबद्दल एवढंच म्हणते की सगळ्यांनी मिळून केलं तर शेजारचं दुकान उरत नाही. म्हणूनच मी हे एका कंपनीला न लिहिता सगळ्यांना लिहिते आहे. आणि बावीस वर्षांचा माझा अनुभव असा की ज्या मोजक्या लोकांना मी खरं सांगितलं, तेच दरवर्षी परत आले. एका जोडप्याला मी मेऐवजी नोव्हेंबरात माथेरानला पाठवलं, पॉइंटची यादी न देता. दोन दिवस फक्त चाला, असं सांगितलं. ती दोघं अजून दिवाळीनंतर फोन करतात आणि विचारतात, यंदा कुठं चालायचं?

दिवाळीची आणि नाताळची माहितीपत्रकं छापायला जायला अजून थोडे दिवस आहेत. माथेरान, महाबळेश्वर आणि जव्हार या तीन ठिकाणांची पानं मी वर लिहिल्याप्रमाणे करून ठेवली आहेत: महिनावार काय दिसतं, पाणी कुठलं, पावसात काय टाळायचं, कोण राहतं. प्रत्येकी दोन पानं. ज्यांना हवी त्यांनी घ्यावीत, आपल्या कंपनीच्या नावाने छापावीत, माझं नाव घालायची गरज नाही. पुढच्या बैठकीला मी त्यांच्या शंभर प्रती घेऊन येते आहे. या वेळी हा विषय आयत्या वेळचा नको, पहिल्या क्रमांकावर घ्यावा, ही विनंती.

आपली,
बावीस वर्षं काउंटरवर बसलेली एक सहकारी
दादर, मुंबई